टी-शर्टवर क्लबचा लोगो छापावा का? चाहत्यांच्या गटापुढचे तीन रस्ते

दरवर्षी जुलै संपत आला की हा प्रश्न माझ्याकडे येतो. इंग्लंडमधला फुटबॉलचा हंगाम ऑगस्टात सुरू होतो. त्याच्या आधी कुठल्यातरी ग्रुपवर ठरतं, यंदा सगळ्यांचे सारखे टी-शर्ट करायचे. चाळीस नगांची ऑर्डर, माणशी ठरावीक वर्गणी, छपाईवाला ओळखीचा. लोगो नेटवरून दोन मिनिटांत उतरवता येतो. आणि पैसे भरायच्या आदल्या रात्री कुणालातरी शंका येते, मग फोन येतो : "दादा, हे चालतं ना?"

माझं उत्तर आधीच सांगतो. क्लबचा लोगो छापू नका. रंग घ्या, गावाचं नाव घ्या, स्वतःचं चिन्ह काढा. अधिकृत समर्थक मंडळ म्हणून नोंदणी करायची असेल तर तीही करा, पण टी-शर्टसाठी करू नका. हे मत बनायला मला बरीच वर्षं लागली. ते का बनलं हे सांगितल्याशिवाय कुणी ऐकत नाही, हाही अनुभव आहे. म्हणून तिन्ही रस्ते शेजारी शेजारी ठेवून बघू.

कोल्हापूरच्या माणसाला मुळात हा प्रश्नच पटत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावं आधी तालमींची आणि मग फुटबॉल संघांची. शाहू स्टेडियमवर पेठेतलं पोरगं तालमीचं नाव छातीवर घेऊन बसतं, तेव्हा त्याने कुणाची परवानगी काढलेली नसते. नाव त्याच्या घरचं आहे. इंग्लंडमधले क्लबही असेच जन्मले. आर्सेनल १८८६ मध्ये वूलविचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांनी काढला. मँचेस्टर युनायटेड म्हणजे १८७८ चा न्यूटन हीथ, रेल्वे कामगारांचा संघ. फरक एवढाच पडला, की त्या नावांची पुढे रीतसर नोंदणी झाली, ती मालमत्ता झाली, आणि त्या मालमत्तेच्या कागदावर चाहत्याचं नाव नाही.

पहिला रस्ता : लोगो छापून मोकळं व्हायचं

या रस्त्यावर सगळ्यात लांबपर्यंत चालत गेलेला माणूस म्हणजे मॅथ्यू रीड. १९७० पासून आर्सेनलच्या हायबरी मैदानाबाहेर त्यांचा स्टॉल होता. स्कार्फ, टोप्या, टी-शर्ट, सगळ्यावर आर्सेनलचं नाव आणि त्याच्या लोगोतली तोफ. क्लबने आपली चिन्हं ट्रेडमार्क म्हणून १९८९ मध्ये नोंदवली, म्हणजे रीड यांचा धंदा त्या नोंदणीपेक्षा जवळजवळ वीस वर्षं जुना होता. ते कुणाला फसवतही नव्हते. त्यांच्या स्टॉलवर ठळक पाटी होती : या मालावरची अक्षरं आणि चिन्हं फक्त सजावटीसाठी आहेत, क्लबशी आमचा संबंध नाही, अधिकृत मालावर अधिकृत लेबल असतं.

क्लब त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेला. एप्रिल २००१ मध्ये लंडनच्या हायकोर्टात न्यायमूर्ती लॅडी यांनी क्लबचा एक मुद्दा सरळ फेटाळला. रीड आपला माल क्लबचा म्हणून खपवतात आणि गिऱ्हाईक फसतं, असा तो मुद्दा होता, आणि फसलेलं गिऱ्हाईक क्लबला दाखवता आलं नाही. उरला ट्रेडमार्कचा प्रश्न. त्यावर रीड यांचं म्हणणं मला आजही पटतं. स्कार्फवर 'आर्सेनल' लिहिलेलं असतं ते हा स्कार्फ कुणी बनवला हे सांगायला नव्हे. तो गळ्यात घालणारा कुणाच्या बाजूचा आहे, हे त्यातून कळतं. ती निष्ठेची खूण झाली, कारखान्याचा शिक्का नव्हे. लॅडी यांनाही हे पटलं होतं, पण युरोपीय कायद्याचा अर्थ लावून घ्यायला त्यांनी प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवला.

१२ नोव्हेंबर २००२ रोजी त्या न्यायालयाने उत्तर दिलं. विकत घेणाऱ्याच्या मनात ती निष्ठेची खूण असली तरी त्याने फरक पडत नाही. नोंदवलेलं चिन्ह तसंच्या तसं दुसऱ्याच्या मालावर बाजारात आलं, की माल कुठून आला याची चिन्हाने दिलेली हमी धोक्यात येते. आणि स्टॉलवरची पाटीही पुरत नाही, कारण स्कार्फ स्टॉलवरून निघून कुणाच्यातरी गळ्यात जातो, पाटी मागेच राहते. लॅडी यांनी डिसेंबरमध्ये तरीही रीड यांच्या बाजूने निकाल दिला. युरोपीय न्यायालयाने आपली हद्द ओलांडून वस्तुस्थितीवर मत दिलं, असं त्यांचं म्हणणं होतं. मे २००३ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल फिरवला आणि आर्सेनल जिंकला.

तेहतीस वर्षं मैदानाबाहेर उभा राहिलेला माणूस, प्रामाणिक पाटी, एका न्यायाधीशाची दोनदा साथ, एवढं असूनही तो हरला. "आम्ही थोडीच फसवतोय?" हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो, आणि दरवर्षी मला ती पाटी आठवते.

याच काळात, २००२ मध्ये, आर्सेनलने आपला जुना लोगोही बदलला. १९४९ पासूनचा तो लोगो, त्यावर लॅटिन बोधवाक्य, जुन्या वळणाची अक्षरं. बदलण्याची कारणं देताना क्लबने हेही सांगितलं, की जुनं चिन्ह वर्षानुवर्षं थोडंथोडं घडत आलेलं असल्याने त्यावर कॉपीराइट मिळवणं शक्य नव्हतं. नव्या लोगोत बोधवाक्य गेलं आणि तोफेचं तोंडही फिरलं. बऱ्याच चाहत्यांना ते रुचलं नाही, आणि आपल्याला विचारलं नाही याचं दुःख त्याहून जास्त होतं. अनेक हातांनी मिळून घडवलेलं चिन्ह त्याच कारणासाठी नोंदणीला गैरसोयीचं ठरलं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

क्लब इतके का झटतात, तेही बघायला हवं. २०१४ मध्ये आदिदासने मँचेस्टर युनायटेडशी दहा वर्षांचा करार केला, ७५ कोटी पौंडांचा. एवढे पैसे देणारी कंपनी एका गोष्टीसाठी देते : हा लोगो असलेली जर्सी बाजारात फक्त आमची असेल. क्लबने बाहेरच्या मालाकडे काणाडोळा केला तर विकायला त्याच्याकडे काही उरत नाही. शिवाय राखण न केलेला ट्रेडमार्क कमजोर होतो, असं त्यांचे वकील सांगतात, आणि ते खोटं नाही. मोठ्या प्रमाणावर नकली माल काढणारे लोक आहेत, त्यांच्या मालाला ना दर्जा ना दाद. पण त्यांच्यासाठी टाकलेल्या जाळ्यात रीड यांच्यासारखेही सापडतात, आणि चाळीस टी-शर्टवालेही.

आपल्याकडचा कायदा म्हणजे ट्रेडमार्क अधिनियम, १९९९. इंग्लंडचे निकाल इथे बंधनकारक नाहीत, पण आपली कोर्टं ते वाचतात. कलम २९ प्रमाणे 'व्यापाराच्या ओघात' नोंदवलेलं चिन्ह वापरलं तर भंग होतो. स्वतःसाठी एक शर्ट रंगवणाऱ्याच्या मागे कुणी लागणार नाही. वर्गणी काढून चाळीस करणं हे सीमारेषेवर येतं, आणि उरलेले दहा बाहेरच्यांना विकले की रेषा ओलांडली. "आम्ही नफा घेत नाही" याने ती रेषा पुसली जात नाही. आणि छपाईवाल्याचा तर धंदाच तो आहे. खोटा ट्रेडमार्क लावणं आणि असा माल विकणं यांना कलम १०३ आणि १०४ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड आहे. चाळीस शर्टांसाठी कुणी तुरुंगात जाईल असं मी म्हणत नाही. पण आपल्या हौसेपायी हा धोका आपण ज्याच्या डोक्यावर ठेवतो, तो बहुतेक वेळा आपल्याच गल्लीतला, दोन माणसांवर मशीन चालवणारा असतो. मला ते बरोबर वाटत नाही.

प्रत्यक्षात जे घडतं ते वेगळंच असतं. माझ्या ओळखीच्या एका गटाने एका मोठ्या क्लबच्या लोगोचे टी-शर्ट करून त्यांचे फोटो आपल्या पेजवर टाकले, खाली किंमत लिहिली. काही दिवसांनी सकाळी उठून बघतात तर पेजच नाही. ट्रेडमार्कची तक्रार आली होती, एवढाच निरोप. चार वर्षांचे फोटो गेले, त्यात गटातल्या एका मित्राच्या शेवटच्या हंगामाचे फोटो होते. तो नंतर वारला. ते परत मिळाले नाहीत. कोर्ट, कैद, दंड हे सगळं पुस्तकात राहतं, नुकसान असं होतं.

दुसरा रस्ता : अधिकृत समर्थक मंडळ

मोठे युरोपीय क्लब परदेशातल्या गटांना मान्यता देतात. नियम क्लबागणिक आणि वर्षागणिक बदलतात, पण साधारण चौकट सारखी असते : किमान सभासदसंख्या, पदाधिकाऱ्यांची नावं, बऱ्याचदा प्रत्येकाने क्लबचं सशुल्क सभासदत्व घेणं, गटाचं नाव ठरलेल्या पद्धतीने लिहिणं. बदल्यात क्लबच्या यादीत नाव येतं, तिकिटांसाठी अर्ज करता येतो, क्लबचे माजी खेळाडू भारतात आले तर निमंत्रण येण्याची शक्यता असते.

ज्यांना एकदा तरी त्या मैदानात जाऊन बसायचंय त्यांनी हा रस्ता जरूर धरावा. आमच्यातले दोघे असेच जाऊन आले, आणि परतल्यावर महिनाभर दुसरं बोलत नव्हते.

पण मान्यता म्हणजे लोगो छापायचा परवाना नव्हे. इथे बहुतेक गटांची फसगत होते. मान्यताप्राप्त मंडळालाही लोगो कुठे, कसा, कोणत्या आकारात वापरायचा याचे नियम असतात, आणि विकायच्या मालावर तो टाकायचा असेल तर वेगळी परवानगी लागते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मान्यता देणारा ती काढूनही घेऊ शकतो. सगळं सुरळीत असतं तोवर याचं काही वाटत नाही. क्लबच्या मालकाने एखादा निर्णय घेतला आणि गटाला तो मान्य नसला, की मंडळाच्या नावाने निषेध करावा का यावर सभा भरते. त्या सभेत निम्मे लोक तिकिटांचा विचार करत असतात. त्यांना मी नावं ठेवत नाही, ती तिकिटं त्यांनी वर्षानुवर्षं वाट बघून मिळवलेली असतात.

तिसरा रस्ता : स्वतःचं चिन्ह

२००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड विकत घेतला तो कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर आलं. २०१० च्या सुरुवातीला चाहत्यांचा संताप वाढला तेव्हा त्यांच्यापुढे पेच होता. निषेध करायला मैदानात जायचं, पण अंगावर लाल जर्सी घातली तर तिचे पैसे त्याच मालकांना मिळणार. त्यांनी मागे वळून न्यूटन हीथकडे बघितलं. त्या संघाचे रंग हिरवा आणि सोनेरी. काही आठवड्यांत युनायटेडचं मैदान, ओल्ड ट्रॅफर्ड, हिरव्या-सोनेरी स्कार्फनी भरून गेलं. १० मार्च २०१० ला मिलानकडून खेळायला आलेल्या, पण पूर्वी युनायटेडचाच असलेल्या डेव्हिड बेकहॅमने सामना संपल्यावर मैदानातच तो स्कार्फ गळ्यात घातला, आणि जगभर फोटो गेला.

लोगो नाही, क्लबचं नाव नाही, फक्त दोन रंग, आणि तेही क्लबच्याच इतिहासातले. कुणाविरुद्ध दावा लावणार? दोन रंगांची लोकर कुणाच्या मालकीची नसते. ग्लेझर गेले नाहीत, हे खरं आहे. पण चाहत्यांना अंगावर घालायला असं काहीतरी मिळालं, ज्यात क्लबवरचं प्रेमही होतं आणि मालकांवरचा रागही.

हँबुर्गच्या सांक्ट पाउलीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि मला ती जास्त शिकवते. या क्लबची ओळख म्हणून जग ज्या कवटीला ओळखतं ती क्लबने काढलेली नाही. १९८० च्या दशकात प्रेक्षकांतल्या कुणीतरी समुद्री चाच्यांचा झेंडा मैदानात आणला, बंदराच्या त्या वस्तीला तो शोभला, आणि स्टँडमध्ये रुजला. पुढे क्लबने ती कवटी नोंदवली आणि विकायला काढली. आज ती टोप्यांवर, मगांवर, लहान मुलांच्या कपड्यांवर आहे, फुटबॉल न बघणारे लोकही ती विकत घेतात. २०११ च्या सुरुवातीला क्लबच्या वाढत्या बाजारूपणाविरुद्ध चाहत्यांनी आवाज उठवला तेव्हा त्यांच्या हातात कवटीच होती, पण झेंडा काळ्याऐवजी लाल होता. आपणच दिलेलं चिन्ह त्यांनी रंग बदलून परत घेतलं. मैदान लाल झेंड्यांनी भरलं आणि क्लबला चाहत्यांसमोर बसून बोलावं लागलं.

म्हणजे स्वतःचं चिन्ह काढलं तरी ते कायम आपलंच राहील, याची खात्री नाही. चांगलं असेल तर क्लबलाही ते हवंसं वाटेल. पण तोवर ते आपलं असतं, आणि नंतरही दुसरं काढता येतं.

क्लबच लोगो बदलतो तेव्हा

तीन रस्त्यांची खरी परीक्षा इथे होते. तुम्ही ज्या चिन्हासाठी जीव टाकता ते मालकाने एका सकाळी बदललं तर?

इंग्लंडमधल्या लीड्स क्लबने जानेवारी २०१८ मध्ये नवा लोगो जाहीर केला. छातीवर मूठ ठेवलेला, चेहरा नसलेला एक माणूस. दहा हजार लोकांशी बोलून हे ठरवलं, असं क्लबने सांगितलं. एका दिवसात पन्नास हजारांहून जास्त लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या, आणि तो लोगो जर्सीवर आलाच नाही. एव्हर्टनने २०१३ मध्ये लोगोतून लॅटिन बोधवाक्य काढलं, लोक भडकले, क्लबने माफी मागितली आणि पुढच्या लोगोसाठी चाहत्यांचं मतदान घेतलं. हल सिटीच्या मालकाला संघाचं नाव 'हल टायगर्स' करायचं होतं. ते इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने आधी २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये नाकारलं.

वेल्समधल्या कार्डिफ क्लबचं प्रकरण लवकर सुटलं नाही. २०१२ मध्ये मालक व्हिन्सेंट टॅन यांनी निळा संघ लाल केला. 'ब्लूबर्ड्स' म्हणवणाऱ्या लोकांना लाल जर्सी. सोबत गुंतवणुकीचं आश्वासन होतं, म्हणून अनेकांनी गिळून घेतलं, आणि त्याच लाल रंगात संघ २०१३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या स्तरावर, गेलाही. त्या पहिल्या वर्षी विरोध करणाऱ्यांना घरच्यांकडूनच ऐकून घ्यावं लागलं असेल. जानेवारी २०१५ मध्ये निळा परत आला. जिंकत असतानाही जे निळाच स्कार्फ घालून येत राहिले, त्यांचं मला फार कौतुक वाटतं.

आणि जिथे काहीच परत आलं नाही ती गोष्ट साल्झबुर्गची. २००५ मध्ये रेड बुल या एनर्जी ड्रिंकच्या कंपनीने ऑस्ट्रिया साल्झबुर्ग हा क्लब घेतला आणि जांभळा-पांढरा रंग जाऊन लाल-पांढरा आला. नाव बदललं, लोगो बदलला. चाहते बोलणी करायला गेले तेव्हा जांभळा रंग कुठे ठेवता येईल यावर जी तडजोड पुढे आली त्यात गोलकीपरचे मोजे होते. चाहते उठून गेले. त्यांनी त्याच वर्षी जुन्या नावाचा, जुन्या रंगाचा क्लब नव्याने उभा केला आणि २००६ मध्ये सातव्या स्तरावरून खेळायला सुरुवात केली. २०१५ मध्ये तो देशाच्या दुसऱ्या स्तरापर्यंत पोचला. लंडनमध्ये विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला हलवायला २००२ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा तिथल्या चाहत्यांनीही हेच केलं : एएफसी विम्बल्डन. २०११ मध्ये ते व्यावसायिक लीगमध्ये आले, आणि २०२० मध्ये प्लाउ लेनला, म्हणजे आपल्या घरी, परतले.

चेल्सीच्या चाहत्यांकडे मात्र आधीपासूनच काहीतरी हातात आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या चेल्सी पिच ओनर्स या संस्थेकडे स्टॅमफर्ड ब्रिज या क्लबच्या मैदानाच्या जमिनीची मालकी आणि 'चेल्सी फुटबॉल क्लब' या नावाचा हक्क आहे. भागधारक साधे चाहते. २०११ मध्ये क्लबने हे सगळं परत विकत घ्यायचा प्रस्ताव आणला. त्याला ७५ टक्के मतं हवी होती, सुमारे ६२ टक्के पडली, प्रस्ताव बारगळला. इथे नावाचे मालक चाहतेच असल्यामुळे क्लबला त्यांच्याकडे मतं मागायला यावं लागलं.

इंग्लंडमध्ये आता कायदाही आला आहे. २०२५ च्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्यानुसार क्लबला लोगो किंवा घरच्या मैदानावरच्या जर्सीचे रंग लक्षणीयरीत्या बदलायचे असतील तर बहुसंख्य चाहत्यांचा पाठिंबा आहे याची खातरजमा करावी लागते. पण ते चाहते इंग्लंड आणि वेल्समधले. कोल्हापूर, ठाणे, दुबई, न्यू जर्सीतले आपण त्या मोजणीत नाही. मला हे चुकीचं वाटत नाही, मैदान त्यांच्या दारात आहे. मात्र अधिकृत मंडळ झालो की आपलं मत चालेल, अशा समजुतीत कुणी राहू नये. जर्सी विकताना आपण क्लबचे असतो, जर्सी बदलताना नसतो.

लिव्हरपूलचं एक उदाहरण इथेच सांगतो, कारण त्यात गावच आडवं आलं. २०१९ मध्ये क्लबने 'लिव्हरपूल' हा शब्दच फुटबॉलच्या मालासाठी ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचा अर्ज केला. आमचा रोख मोठ्या नकली व्यापारावर आहे, स्थानिक विक्रेत्यांवर नाही, असं क्लबने सांगितलं. चाहत्यांच्या संघटनेने आणि विक्रेत्यांनी विरोध केला. ब्रिटनच्या नोंदणी कार्यालयाने अर्ज नाकारला : लिव्हरपूल हे शहराचं नाव आहे, त्याला भौगोलिक महत्त्व आहे. गावाचं नाव गावाकडेच राहिलं. टी-शर्टवर काय छापावं या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला त्या निकालात दिसतं.

आणि संघ आपल्या देशातला असेल तर

तर गणित बदलतं, कारण तिथे आपण मोजले जातो. २०२० मध्ये कोलकात्याच्या मोहन बागानचा फुटबॉल संघ एटीके या फ्रँचाइझीशी जोडला गेला. १८८९ चा क्लब, १९११ मध्ये जवळजवळ सगळे अनवाणी खेळून इंग्रजांच्या पलटणीला हरवणारा, आणि त्याच्या नावापुढे सहा वर्षांच्या कंपनीची तीन अक्षरं. हिरवा-मरून रंग ठेवला, लोगोतली शिडाची होडी ठेवली, पण 'एटीके' आलं. चाहत्यांनी 'रिमूव्ह एटीके' ही मागणी तीन वर्षं सोडली नाही. संघ जिंकला तरी नाही, हरला तरी नाही. १८ मार्च २०२३ ला गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, संघाने बंगळुरूला पेनल्टींवर हरवून इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकली, आणि त्याच रात्री मालक संजीव गोएंका यांनी जाहीर केलं की पुढच्या हंगामापासून नाव मोहन बागान सुपर जायंट असेल. तीन अक्षरं गेली. त्यांच्याऐवजी कंपनीचेच दोन शब्द आले हे मला दिसतं, पण पहिलं नाव पहिल्या जागी आलं.

पुण्याला असा हट्ट करायची संधी मिळाली नाही. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला. बालेवाडीला जाणाऱ्या ऑरेंज आर्मी या त्याच्या चाहत्यांच्या गटाकडे नारिंगी झेंडे राहिले, संघ नाही. मुंबई, गोवा किंवा उद्या पुन्हा पुण्यात संघ आला तर त्याचा गट काढणाऱ्यांना माझा सल्ला वेगळा असेल : क्लबशी बोला, लेखी परवानगी मागा. इथल्या क्लबला स्टँडमधले ढोल आणि बॅनर हवे असतात, तुमच्याशिवाय त्यांचा सामना टीव्हीवर ओका दिसतो. युरोपातल्या क्लबला तुमच्या चाळीस जणांची तशी गरज नाही.

ऑर्डर देण्याआधी

रंग क्लबचे घ्या, पण चालू जर्सीची हुबेहूब नक्कल नको. पट्ट्यांची रचना, कॉलर, प्रायोजकाचं नाव, जर्सी कंपनीची खूण, यातलं काही नको. क्लबचं पूर्ण नावही छातीवर नको, रीड यांच्या खटल्यात लोगोइतकाच तो शब्दही होता. बोलताना, लिहिताना, पेजच्या माहितीत 'आम्ही अमुक क्लबचे चाहते' असं जरूर म्हणा, ते वर्णन आहे. पेजच्या नावात मात्र गावाचं नाव आधी ठेवा आणि फोटोच्या जागी लोगो ठेवू नका. जुने फोटो आजच दुसरीकडे उतरवून ठेवा. चित्र गटातल्या कुणीतरी स्वतः काढलेलं असू द्या, आणि ते गटाच्या नावाने वापरायला त्याने हरकत घेतलेली नाही असं दोन ओळींत लिहून घ्या. मैत्रीतही लिहून घ्या, नाहीतर हीच गोष्ट छोट्या प्रमाणावर आपल्यातच घडते.

आमच्या गटाचा टी-शर्ट लाल आहे, बाह्या पांढऱ्या. छातीवर देवनागरीत 'कोल्हापूर', त्याखाली पन्हाळ्याच्या तटाची एक रेघ, आणि पाठीवर १८८६, आर्सेनलचं जन्मवर्ष. तटाची रेघ आमच्यातल्या एका चित्रकला शिक्षकाने काढली आहे. पहिल्या खेपेला तेहतीस छापले. यंदा गटातल्या मुलांच्या मापाचेही करायचे आहेत, म्हणून आकडा साठच्या पुढे जाईल.